गायकवाड बाईंचं एक्स्टेन्शन

गायकवाड बाईंना कॉम्प्युटर येत नव्हता आणि मला येत होता. आमच्या सगळ्या ओळखीत माझ्या बाजूची एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही बाईंनी फार दिवस टिकू दिली नाही.

मी तेव्हा घोडबंदर रोडवरच्या एका आयटी कंपनीतून नुकताच बाहेर पडलो होतो. 'बाहेर पडलो' हा माझा शब्द. कंपनीने वेगळा वापरला होता. बायको म्हणाली, "डोंबिवलीला एका मराठी शाळेत कॉम्प्युटरच्या सरांची जागा आहे. तोपर्यंत ते बघ." तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे तिने सांगितलं नाही. मी अजून तिथेच आहे.

मुलाखत घ्यायला मुख्याध्यापिका म्हणून गायकवाड बाई एकट्याच होत्या. ठेंगण्या, भरलेल्या अंगाच्या, कडक इस्त्रीची सुती साडी. चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता आणि बाई तो टेबलावर शोधत होत्या. टेबलाच्या खणात फुटाण्यांची पुडी होती; एक मूठ त्यांनी स्वतः घेतली, एक माझ्यापुढे केली. मुलाखतीला कोट घालून आलेल्या माणसाने फुटाणे कसे खायचे असतात, हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं. मी ते मुठीतच धरून माझ्या अनुभवाबद्दल बोलायला लागलो. क्लाउड, मायग्रेशन, सोल्यूशन आर्किटेक्चर. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बरं. आता मराठीत सांगा."

मराठीत ते दोन वाक्यांत संपलं.

"एवढंच होतं होय?" बाई म्हणाल्या. "मग जमेल तुम्हाला. सोमवारपासून या. आणि फुटाणे खा, ओले होतील हातात."

बाई मूळच्या भूगोलाच्या. राहायला कल्याणला, कोळसेवाडीत. मुख्याध्यापिका झाल्या तरी नववीचा एक तास त्यांनी सोडला नव्हता. फळ्याकडे न बघता, वर्गाकडे तोंड करून, पाठीमागे हात नेऊन भारताचा नकाशा काढायच्या. नकाशा हुबेहूब यायचा. श्रीलंका मात्र दर वेळी जरा लांब जायची. एकदा एका मुलीने ते दाखवून दिलं तर म्हणाल्या, "असू दे गं, त्यांना त्यांचा निवांतपणा." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून लहानथोर सगळ्यांना त्या 'राजा' म्हणायच्या. रागावल्या की मात्र नाव बरोब्बर आठवायचं. त्यामुळे शाळेत आपलं नाव ऐकू आलं की माणूस आधी घाबरायचा. मला त्या 'इंजिनिअर' म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची अवस्था मी पहिल्या दिवशी पाहिली आणि मला मनातून आनंदच झाला. इंटरनेट ज्यातून बघतो त्या ब्राउझरला वरून काही छोट्या सोयी जोडता येतात. त्यांना प्लगिन म्हणा, एक्स्टेन्शन म्हणा. आमच्या लॅबमध्ये त्या इतक्या जोडलेल्या होत्या की मूळ पान बघायला जागाच उरली नव्हती. वर राशिभविष्याची पट्टी, त्याखाली क्रिकेटच्या स्कोअरची, मग सवलतीच्या कूपनांची, आणि नवीन पान उघडलं की एक मांजर. सगळ्यात वाईट अवस्था बाईंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची होती.

"हे सगळं कुणी घेतलं?" मी विचारलं.

"मीच. ते विचारायचं, 'हवं का?' मी म्हणायची हो." बाईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "कुणी विचारलं की नाही म्हणायची आपल्याला सवयच नाही."

मी हसलो. कंपनीत नऊ वर्षं मीही न वाचता 'हो'वरच बोट ठेवत होतो, हे तेव्हा मला आठवलं नाही.

मी ठरवलं की या शाळेला शिस्त लावायची. सगळ्या शिक्षकांची, मुलांची शाळेची खाती एकाच जागेवरून सांभाळता येतात. तिथे एक कळ दाबली की सगळ्या कॉम्प्युटरवरची एक्स्टेन्शन एका झटक्यात बंद. मी शिक्षकखोलीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली : 'उद्यापासून सर्वांचे एक्स्टेन्शन बंद. अपवाद केला जाणार नाही.' खाली झोकदार सही केली आणि घरी गेलो.

गणिताचे पेंडसे सर निवृत्त होऊनही संस्थेने मुदतवाढ दिली म्हणून शिकवत होते. आमच्याकडे त्या मुदतवाढीलाही एक्स्टेन्शनच म्हणतात. सकाळी मी गेलो तर पेंडसे सर डबा पुढ्यात बंद ठेवून बसलेले. भोवती दोघी-तिघी शिक्षिका पाणी घेऊन उभ्या. मला बघून ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, चाळीस वर्षं या शाळेत काढली. निदान तोंडी तरी सांगायचं."

गायकवाड बाई धावत आल्या. फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, पेंडसे सरांकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकून इतक्या हसल्या की चष्म्याची दोरीच तुटली. पेंडसे सरांना खरा प्रकार समजावून सांगायला पहिला तास गेला. मी समजावलं म्हणून जास्त वेळ लागला. शेवटी बाईंनी "अहो, ते मशीनचं आहे, तुमचं नाही" असं म्हटल्यावर त्यांनी डबा उघडला.

पण गंमत तिथेच संपली. दुपारपर्यंत माझ्या शिस्तीचे परिणाम दिसायला लागले. मराठी टाइप करायची सोयसुद्धा एक एक्स्टेन्शनच होती, हे मी विसरलो होतो. आठवीच्या मुलांनी 'माझी आई' हा निबंध इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. मराठीच्या बाईंनी तो दोन बोटांत धरून माझ्याकडे आणला. मग खेळाचे म्हात्रे सर आले. भिवंडीकडच्या गावचे, उंचेपुरे, कधी आवाज न चढवणारे. ते माझ्याशी बोलताना जमिनीकडे बघत होते.

"सर, त्या जाहिराती अडवनारं काय होतं ते गेलं काय?"

"हो. सगळंच बंद केलंय."

"मुलींचा वर्ग होता. मी सूर्यनमस्काराचा व्हिडिओ लावला, आनि त्याच्या आधी जे काय आलं ना..." ते थांबले. "मी पडद्यावर माजा टॉवेल टाकला, सर. अजून काय करनार?"

बाईंनी मला खोलीत बोलावलं. रागावल्या नाहीत, म्हणजे नाव घेतलं नाही. "बसा इंजिनिअर," म्हणाल्या. "बंद करायला काय अक्कल लागते? कुलूप कुणीही लावतं. काय उघडं ठेवायचं, ते ठरवायला आधी माणसांना विचारावं लागतं. तुम्ही कुणाला विचारलं?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. फळ्यालासुद्धा नाही.

त्यानंतर शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाई लॅबमध्ये येऊन बसायला लागल्या. ज्या शिक्षकाला जे एक्स्टेन्शन हवं, त्याने तिथे येऊन सांगायचं. बाईंचे प्रश्न ठरलेले : कुणी आणलं, कशाला हवं, आणि त्याला आपल्याकडून काय हवं? तिसऱ्याचं उत्तर एक्स्टेन्शन स्वतःच देतं. घेताना एक इंग्रजी मजकूर समोर येतो, त्यात त्याने कशाकशाची परवानगी मागितलीय ते लिहिलेलं असतं. बाई तो मला मोठ्याने मराठीत वाचायला लावायच्या.

"तुम्ही उघडाल त्या सर्व वेबसाइटवरची तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे," मी वाचलं.

"बदलणे पण?"

"असं लिहिलंय."

"आणि हे करतं काय म्हणालात?"

"मांजर दाखवतं."

बाईंनी फुटाणा चावता चावता थांबून मांजरीकडे पाहिलं. "मांजर दाखवायला माझं सगळं वाचायचंय याला? घालवा."

राशिभविष्य गेलं, कूपनं गेली. जाहिराती अडवणारं राहिलं, मराठी टाइपिंग राहिलं. डोळे अधू असलेल्या सहावीतल्या एका मुलीसाठी पान मोठ्याने वाचून दाखवणारं एक नवीन घेतलं. त्यालाही सगळं वाचायची परवानगी लागत होती. बाई म्हणाल्या, "त्याचं कामच वाचायचं आहे. राहू दे." त्या इंग्रजी मजकुराचं मराठी करताना मला घाम फुटायचा. आपण इतकी वर्षं कशाकशाला हो म्हणून बसलोय, ते मातृभाषेत ऐकणं सोपं नसतं.

पुढच्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी ठाण्याच्या एका कंपनीचा माणूस आणला. टाय लावलेला, गोड बोलणारा. त्याचं एक एक्स्टेन्शन होतं. मुलांच्या शाळेच्या खात्याला ते जोडायचं. मग मूल त्या खात्यावर काय शोधतं, काय टाइप करतं, ते सगळं शाळेला दिसणार. वावगं काही दिसलं की लाल चौकोन. आणि आठवड्याला एक अहवाल थेट पालकांच्या मोबाइलवर. अध्यक्ष खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झालो. त्यात रंगीत आलेख होते, आणि रंगीत आलेख दिसले की माझी विचारशक्ती मान टाकते.

बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, आधी दहावीच्या खात्यांवर लावून बघू, अहवाल नंतर सुरू करू. मग पालकसभेत दाखवू. तुम्ही सगळ्याच गोष्टींना किती फाटे फोडता!" बाई गप्प बसल्या. त्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या मुदतवाढीचा विषय संस्थेपुढे होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याच्या बायपासनंतर त्यांना आणखी दोन वर्षं नोकरी हवी होती, हेही.

पालकसभा शनिवारी सकाळी. सभागृह भरलेलं. पडद्यावर कंपनीच्या माणसाने दहावीचा वर्ग उघडला. त्याच वेळी तो वर्ग वर लॅबमध्ये बसलेला होता. "बघा, आत्ता या क्षणी तुमची मुलं काय करतायत," तो म्हणाला. पालक पुढे सरकले. कुणी गणित सोडवत होतं, कुणी पाठाचा अर्थ शोधत होतं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी जणू ते स्वतः तयार केल्यासारखा उभा होतो.

आणि लाल चौकोन उघडला. एका मुलीचं नाव, आणि खाली तिने शोधलेली ओळ : 'वडील मारतात तर कुठे सांगायचं'.

मी ती वाचली, आणि पुढे काही सुचायच्या आत पडद्यासमोर बाई उभ्या होत्या. पहिल्या रांगेतून त्या उठल्या कधी, मंचावर चढल्या कधी, मला कळलंच नाही. प्रोजेक्टरचा झोत त्यांच्या अंगावर पडला होता. लाल रंग पदरावर, अक्षरं गळ्यावर आणि हनुवटीवर वेडीवाकडी पसरलेली. डोळे दिपल्यामुळे त्या किलकिले करून समोर बघत होत्या आणि माइक हातात घेऊन बोलत होत्या, "तर पालकहो, क्रीडामहोत्सवाबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्याच..."

मुलीचे वडील तिसऱ्या रांगेत होते. मी त्यांना ओळखत होतो. ते मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा समोर फक्त बाई होत्या.

मी रिमोट दाबला. चालला नाही. कंपनीचा माणूस चौकोन बंद करायला गेला, तो आणखी मोठा झाला.

"वायर," बाई हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाल्या. "वायर काढ, राजा."

मी वायर ओढली. माइक बंद पडला. बाईंनी त्याच वाक्यात वर्गावरचा आवाज लावला आणि क्रीडामहोत्सव पुढे चालू ठेवला. मी दुसरी ओढली. पंखे बंद पडले. नऊ वर्षं मी एका मोठ्या कंपनीची यंत्रणा सांभाळली, असं माझ्या बायोडेटात लिहिलेलं आहे. शेवटी म्हात्रे सर शांतपणे आले, प्रोजेक्टरचा प्लग भिंतीतून काढला आणि जागेवर जाऊन बसले.

सभा संपल्यावर बाई वर गेल्या. त्या मुलीला वर्गातून बाहेर बोलावून तिच्याशी काय बोलल्या, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी त्या मुलीच्या आईला भेटायला गेल्या, एवढं कळलं. पुढची परीक्षा ती मुलगी मावशीच्या घरून देत होती आणि आईही तिथेच होती. ती पास झाली.

सोमवारी अध्यक्ष आले. मी लॅबचे कागद घेऊन बाईंच्या खोलीत उभा होतो. मला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून ऐकलं.

"बाई, मी तर म्हणतो, त्या एक्स्टेन्शनमुळेच कळलं ना? नाहीतर त्या पोरीचं काय झालं असतं?"

हा प्रश्न माझ्याही मनात होता.

"खरंय," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळे कळलं. मला तिच्या तोंडाकडे बघून कळायला हवं होतं, ते कळलं नाही. पण साहेब, कुणाला कळणार नाही असं वाटलं म्हणून तिने तिथे विचारलं. शाळा वाचते म्हटल्यावर उद्या दुसरी कुणी विचारेल का? आणि तुमचा तो अहवाल जाणार कुणाच्या मोबाइलवर? पालकांच्या. तिचे पालक कोण?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "पालकांनाच हवंय ते. तुमचा विषय पण आहे पुढच्या बैठकीत. जरा विचार करून ठरवा."

"पालकांनाच विचारू," बाई म्हणाल्या. "हो म्हणाले तर मी सही करते."

पुढच्या पालकसभेत बाईंनी भाषण केलं नाही. मला मंचावर उभं केलं आणि त्या एक्स्टेन्शनची परवानगी मराठीत वाचायला लावली. मी वाचली. मग मागून एक बाई उठल्या, मार्केटमध्ये ब्लाउजपीसचं दुकान चालवणाऱ्या. "सर, आमच्या घरी एकच लॉपटॉप आहे. पोरगा शाळेचं खातं उघडून तसंच ठेवतो. मग मी त्याच्यावर बँकेचं बघते, बहिणीला लिहिते. तर ते पण वाचणार का?"

मी गायकवाड बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो.

"आणि बदलणार पण?"

"...असं लिहिलंय."

मुलांचं सगळं कळावं म्हणून आलेले आई-बाप आपापल्या घरच्या लॅपटॉपचा विचार करायला लागले, ते चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. ज्यांना हवं त्यांनी हात वर करावा, असं बाई म्हणाल्या. एका आजोबांनी केला. त्यांना पाणी हवं होतं.

कंपनीचा माणूस परत आला नाही. एक एक्स्टेन्शन बाईंनी घालवलं, दुसरं अध्यक्षांनी. बाईंची मुदतवाढ नामंजूर झाली. कारण 'नव्या तंत्रज्ञानाची पुरेशी ओळख नाही' असं होतं. ते ऐकून मी इतका संतापलो की राजीनामा द्यायला निघालो. बाई म्हणाल्या, "बसा इंजिनिअर. तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार आहे?"

निरोपसमारंभात पेंडसे सर बोलताना रडले. म्हात्रे सरांनी मुलींकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. मी बाईंच्या कॉम्प्युटरवरून त्यांचं खातं काढलं. ते काढताना यंत्राने विचारलं, खरंच काढायचं का? मी बराच वेळ तसाच बसलो होतो. बाईंनीच मागून हात घालून 'हो' दाबलं.

मग बरेच महिने भेट नाही. कोळसेवाडीतली जागा विकून त्या टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला गेल्या, असं कळलं होतं. फोन केला की म्हणायच्या, "या की, घर बघायला." मी नेहमी हो म्हणायचो आणि जायचो नाही.

एका रविवारी गेलो. पेढ्यांचा पुडा घेऊन, पत्ता विचारत, नव्या इमारतींच्या मधल्या कच्च्या रस्त्याने चाललो होतो. बाईंना भेटल्यावर काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. शाळा तुमच्याशिवाय कशी सुनी वाटते वगैरे. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. थांबेचना. वळून बघतो तर एक स्कूटर नागमोडी येत होती. पुढे लाल रंगात 'एल' चिकटवलेला, हेल्मेटखालून अंबाडा बाहेर आलेला, कडक इस्त्रीची साडी गुडघ्याशी खोचलेली. बऱ्याच मागे त्यांचे मिस्टर, बायपास झालेले, हात वर करून "ब्रेक! अगं, ब्रेक!" असं ओरडत भराभर चालत येत होते.

"बाई!" मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात पसरले.

"बाजूला हो राजा!" बाई ओरडल्या. घाबरल्या होत्या आणि हसत होत्या. "मला अजून थांबता येत नाही!"

मी पेढ्यांसकट कडेच्या खडीच्या ढिगावर उडी मारली, आणि बाई माझ्या शेजारून वाऱ्यासारख्या पुढे निघून गेल्या.